वाढीव घोड्यांचा विमा

'स्टेज वन मारलाय!' हे वाक्य तुम्ही आपल्या पार्किंगमध्ये अजून ऐकलं नसेल, तर एक तर तुम्ही बसने कॉलेजला येता किंवा तुमची ब्रँच कॉम्प्युटर आहे. मेकॅनिकलवाल्यांचा निम्मा कट्टा हल्ली याच विषयावर चालतो. कोणाची गाडी रिमॅप झाली, किती बीएचपी वाढली, टॉर्क कसा पाठीत बुक्की मारल्यासारखा लागतो, वगैरे वगैरे. मीही टीई मेकॅनिकलची, त्यामुळे या चर्चेत मागे नसते. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही : गाडीचे घोडे वाढले ते ठीक, पण त्या वाढलेल्या घोड्यांचा विमा कुठे आहे?

हसू नका! आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत गाडी बाबांच्या नावावर असते, हप्ता बाबांच्या पगारातून जातो आणि विम्याचा चेकही बाबाच फाडतात. ट्यून तेवढा आपला असतो. उद्या काही झालं तर भरायचं कोणी, हे आधीच समजून घेतलेलं बरं. म्हणून हा लेख. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठीत मधेमधे इंग्लिश शब्द डोकावतील, ते तेवढे चालवून घ्या.

ट्यून म्हणजे नक्की काय?

हल्लीच्या गाडीत किती डिझेल कधी फवारायचं, टर्बोचं बूस्ट किती ठेवायचं, हे सगळं ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्याकडे मोठमोठी कोष्टकं असतात, त्यांना मॅप म्हणतात. आरपीएम इतका, पेडल इतकं दाबलेलं, हवा इतकी गरम, मग इंजेक्शन इतकं. रिमॅप म्हणजे या कोष्टकांतले आकडे बदलणं. नट-बोल्टला हात न लावता!

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन. पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं. स्विफ्ट डिझेलमध्ये हेच १२४८ सीसीचं इंजिन ७५ पीएस आणि १९० एनएम द्यायचं. तेच इंजिन एसएक्सफोर आणि अर्टिगामध्ये ९० पीएस आणि २०० एनएम द्यायचं. सीसी तीच, मग पॉवर जास्त कशी? कारण तिथे कंपनीने व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो बसवला होता. म्हणजे कंपनीला जास्त पॉवर हवी होती तेव्हा तिने नुसते आकडे बदलले नाहीत, हार्डवेअरही बदललं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता थोडं सबमिशन करू. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले अँग्युलर व्हेलॉसिटी. २००० आरपीएमला १९० एनएम म्हणजे साधारण ३९.८ किलोवॅट, अर्थात सुमारे ५४ पीएस. समजा ट्यूनने टॉर्क २० टक्के वाढवला, तर तो २२८ एनएम होईल आणि त्याच आरपीएमला पॉवर जाईल सुमारे ६५ पीएसवर. पाठीत बुक्की बसते ती हीच! पण तीच बुक्की क्लचला, गिअरबॉक्सला आणि ड्राइव्हशाफ्टलाही बसते. त्यांची रचना मात्र १९० धरून झालेली आहे. वर सिलिंडरमधलं प्रेशर आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं ते वेगळंच.

मग कंपनी एवढी मार्जिन सोडते कशाला, ती काय वेडी आहे? अजिबात नाही. तीच गाडी विदर्भातल्या मे महिन्यात चालायला हवी आणि लडाखच्या विरळ हवेतही. कुठल्यातरी पंपावरचं भेसळीचं डिझेल तिला पचायला हवं. लाखभर किलोमीटर टिकायला हवी आणि धुराच्या परीक्षेतही पास व्हायला हवी. ट्यूनर जे 'फुकट' काढून देतो, ते या सुरक्षिततेच्या गंगाजळीतून काढलेलं असतं.

ट्यून करायचे दोन मार्ग आहेत. एक, ओबीडी पोर्टमधून ईसीयूमध्ये नवी फाईल टाकणं. दुसरा, ट्यूनिंग बॉक्स. हा डबा रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि ईसीयूला खोटंच सांगतो, की प्रेशर कमी आहे. बिचारा ईसीयू प्रेशर वाढवतो. म्हणजे आपल्याच गाडीला आपणच टोपी घालायची!

विम्याचं गणित

गाडीच्या पॉलिसीत दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज. तुमच्या स्वतःच्या गाडीचं अपघातात, आगीत, पुरात किंवा चोरीत झालेलं नुकसान. हा ऐच्छिक असतो.

थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, तोही सीसीप्रमाणे. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी गाड्यांचे वार्षिक दर असे होते : १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये आणि त्यावर ७८९७ रुपये. ओन डॅमेजचा प्रीमियम ठरताना गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती धरलेली किंमत, सीसी, वय आणि गाव हे पाहण्याची पद्धत पडलेली आहे. पुणे आणि मुंबई महागड्या 'ए' झोनमध्ये येतात.

आता गंमत बघा. या यादीत बीएचपी कुठेच नाही. १२४८ सीसीची गाडी ट्यून केल्यावरही १२४८ सीसीचीच राहते. म्हणजे विमा कंपनीच्या कोष्टकाला तुमचा ट्यून दिसतच नाही! पुष्कळ जण यावरून असा अर्थ काढतात, की मग सांगायची गरजच काय. इथेच गाडी घसरते.

नंतर बसवलेल्या इतर वस्तूंसाठी मात्र नियम आहेत. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम सांगितला आहे. २०,००० ची म्युझिक सिस्टिम, तर ८०० रुपये. सीएनजी किटलाही ४ टक्के. शिवाय सीएनजीसाठी सगळा राजमार्ग आखून दिलेला आहे : मान्यताप्राप्त किट, आरटीओकडून आरसीवर नोंद आणि पॉलिसीवर एन्डॉर्समेंट. ट्यूनसाठी असा ठरलेला रकाना नाही. म्हणून 'चार पैसे जास्त भरले, विषय संपला' असं इथे होत नाही.

विश्वासाचा करार

विम्याचा करार भाजी विकत घेण्यासारखा नसतो. वांगी किडकी निघाली तर भाजीवाला म्हणेल, 'ताई, बघून घ्यायची होती!' पण विम्यात कंपनीला तुमची गाडी आतून दिसत नाही, म्हणून जी माहिती तुम्हालाच आहे ती तुम्ही आपणहून सांगायची असते. याला परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात. जी गोष्ट कळल्यावर शहाणा विमेदार प्रीमियम बदलेल किंवा विमाच नाकारेल, ती महत्त्वाची बाब. इंजिनची ताकद २० टक्क्यांनी वाढली, ही बाब महत्त्वाची नाही असं म्हणायला जरा धाडसच लागेल.

आणि हे नुसतं तत्त्व नाही हं. प्रपोजल फॉर्मच्या तळाशी, जिथे आपण न वाचता सही ठोकतो, तिथे एक घोषणा असते. गाडीत पुढे काही भर घातली किंवा फेरबदल केला तर तो ताबडतोब विमा कंपनीला कळवीन, अशा अर्थाची. पॉलिसीतही अट असते, की फॉर्ममधली विधानं खरी असणं ही कंपनीच्या जबाबदारीची पूर्वअट आहे. म्हणजे 'मला कोणी विचारलंच नाही' हा बचाव लंगडा पडतो. बाबांनी सही केलेली असते आणि शब्द मोडलेला असतो आपण!

क्लेमच्या वेळी काय होतं?

चार प्रसंग वेगवेगळे बघू.

१) इंजिन बसलं. ट्यूनच्या ताणाने टर्बो गेला, पिस्टन वितळला. इथे विमा कंपनीशी भांडायचा प्रश्नच नाही, कारण मेकॅनिकल ब्रेकडाऊन साध्या पॉलिसीत कधीच कव्हर होत नसतो. 'इंजिन प्रोटेक्ट' हे ॲड-ऑन मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑईल गळणं यासाठी असतं. कंपनीची वॉरंटी तर ट्यूनच्या दिवशीच गेली असं समजा.

२) अपघात झाला, गाडी चेपली. सर्व्हेअर येतो, इंजिन बे उघडतो, त्याला सेन्सरच्या वायरीत अडकवलेला डबा दिसतो. आता तो रिपोर्टमध्ये लिहिणारच. कंपनी क्लेम पूर्ण नाकारू शकते किंवा 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून काही टक्के कापू शकते. २०१० च्या अमलेंदू साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटीचा भंग असतानाही नॉन-स्टँडर्ड पद्धतीने भरपाई द्यायला लावली होती. ७५ टक्के हा आकडा तिथूनच सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तो खटला खासगी गाडी भाड्याने चालवल्याचा होता, ट्यूनचा नव्हता. तेव्हा ७५ टक्के हा आपला हक्कच आहे असं कोणी धरून चालू नका.

आकडे मांडू. समजा आयडीव्ही ४ लाख आहे, गाडी टोटल लॉस झाली आणि कर्ज ३ लाख शिल्लक आहे. पूर्ण क्लेम मिळाला तर बँकेचे ३ लाख फिटून घरी १ लाख येतील, त्यातून कंपनीची ठरलेली कपात सोडा. ७५ टक्के मिळाले तर ३ लाख येतील आणि ते सगळे बँकेत जातील, कारण आरसीवर बँकेचा बोजा आहे. हातात शून्य. आणि क्लेम नाकारला तर गाडीही नाही आणि हप्ता मात्र चालू! वीस-पंचवीस हजारांच्या ट्यूनपायी हा हिशोब किती महाग पडतो, ते तुम्हीच बघा.

३) गाडी चोरीला गेली. इथे युक्तिवाद थोडा आपल्या बाजूचा आहे. चोराने काही टॉर्क बघून गाडी नेली नाही! २००८ च्या नितीन खंडेलवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की चोरीच्या प्रसंगात गाडीच्या वापराची अट मोडली हा मुद्दा गैरलागू आहे. तिथेही क्लेम नॉन-स्टँडर्ड म्हणूनच मिटला. म्हणजे ट्यूनचा नुकसानीशी संबंध नव्हता असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करता करता चपला झिजतात.

४) रस्त्यावरचा माणूस जखमी झाला. हा सगळ्यात गंभीर प्रसंग. थर्ड पार्टीमध्ये मृत्यू किंवा इजा झाल्यास भरपाईला वरची मर्यादा नसते. त्या माणसाला तुमच्या ट्यूनशी काय देणंघेणं? म्हणूनच कायद्याने विमा कंपनीचे बचाव मोजकेच ठेवले आहेत. पण कलम १५० मधल्या त्या यादीत एक बचाव असाही आहे, की महत्त्वाची बाब लपवून पॉलिसी मिळवली होती. इथे एक मेख आहे. पॉलिसी घेतल्यावर वर्षाच्या मध्ये ट्यून केला, तर पॉलिसी लपवून 'मिळवली' असं म्हणता येत नाही. पण पुढच्या रिन्युअलला गप्प बसलात तर तो नवा करार असतो, आणि मग लपवलं असं म्हणता येतं. अटी मोडलेल्या प्रकरणांत न्यायालयं अनेकदा 'आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतात. वसुली मालकाकडून, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडून. आरसीवर नाव कोणाचं आहे ते आठवा.

कायदा काय म्हणतो?

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचे तपशील आणि कंपनीची मूळ स्पेसिफिकेशन्स यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. ट्यूनर म्हणतात, की कलमात 'स्ट्रक्चर' हा शब्द आहे आणि सॉफ्टवेअर म्हणजे स्ट्रक्चर नव्हे. वाद चांगला आहे, डिबेटला बक्षीसही मिळेल! पण तो कोर्टात घालायचा खर्च आपल्याला झेपणारा नाही. बेकायदा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्रदूषणाची मर्यादा ओलांडली तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ईजीआर बंद करणं, डीपीएफ काढून टाकणं, हे प्रकार तर सरळ इथेच येतात.

सॉफ्टवेअर म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असं वाटत असेल तर २०१५ आठवा. फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण निव्वळ ईसीयूच्या सॉफ्टवेअरचंच होतं. भारतातही त्या समूहाच्या ३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि दुरुस्ती म्हणजे मुख्यतः नवं सॉफ्टवेअर टाकणं! आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारखी संस्था जेव्हा एखादं मॉडेल पास करते, तेव्हा ते त्याच्या मॅपसकट पास झालेलं असतं.

'पण कळणार कसं?'

हा कट्ट्यावरचा लाडका प्रश्न. 'क्लेमच्या आधी स्टॉक फाईल परत टाकायची, मग कोणाला कळतंय?' ऐका. एक तर चेपलेल्या गाडीत फाईल टाकायला तुम्हाला कोण जाऊ देणार आहे? दुसरं, ओबीडी स्कॅनरने ईसीयूचा कॅलिब्रेशन क्रमांक आणि त्याचा पडताळणी क्रमांक वाचता येतो. मॅप बदलला की पडताळणी क्रमांक जुळेनासा होतो. बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा फाईल टाकली याची मोजणीसुद्धा असते. आणि तिसरं, पुरावा पुसून क्लेम करणं ही लपवाछपवीच्याही पुढची पायरी आहे. त्याला फसवणूक म्हणतात. इंजिनिअर व्हायला निघालेल्यांनी ती करू नये, बस्स.

बाहेरच्या देशांत काय करतात?

आपले बरेच सिनिअर्स एमएससाठी जर्मनीला जातात, त्यांच्या कामाचं सांगते. तिथे ट्यूनला कागदोपत्री मार्ग आहे. तांत्रिक अहवाल असलेला बदल करायचा, टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा, कागदपत्रांत नोंद करायची. हे न करता फिरलं तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो. इंग्लंडमध्ये फेरबदल केलेल्या गाड्यांचा खास विमा करणाऱ्या कंपन्या आहेत. तिथल्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे निष्काळजीपणाने माहिती चुकीची दिली गेली, तर क्लेम त्या प्रमाणात कापता येतो. म्हणजे ५०० पौंड प्रीमियम व्हायला हवा होता आणि ४०० च भरला, तर ८० टक्के क्लेम. मुद्दाम लपवलं तर मात्र करारच रद्द. हिशोब सरळ आणि आधी माहीत असलेला. आपल्याकडे असा मार्ग आखला गेला तर कोण लपवेल?

मग करायचं काय?

नुसतं 'करू नका' म्हणून लेख संपवला तर तुम्ही मला मॅडम म्हणाल! म्हणून हे थोडे मुद्दे :

एक, जास्त पॉवर हवी असेल तर गाडी घेतानाच कंपनीचं जास्त पॉवरचं व्हेरिअंट घ्या. ते पास झालेलं, विमा मिळणारं आणि वॉरंटीवालं असतं.

दोन, तरीही ट्यून करायचाच असेल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा, नंतर नाही. काय करणार, पॉवर-टॉर्क किती होणार, सगळं लिहा. एजंट तोंडी 'काही होत नाही हो' म्हणेल, त्याला शून्य किंमत आहे. पॉलिसीवर एन्डॉर्समेंट मिळालं तरच खरं. लेखी नकार आला तर तेही उत्तरच समजा. आणि हेही लक्षात असू द्या, की विमा कंपनीचा होकार म्हणजे आरटीओचा होकार नव्हे.

तीन, सेकंड-हँड गाडी घेताना आधी स्कॅन करून घ्या, सेन्सरच्या वायरी तपासा. माझ्या एका सिनिअरच्या काकांनी घेतलेल्या गाडीत आधीच्या मालकाचा डबा निघाला, तोही अपघातानंतर सर्व्हेअरला! काकांना डबा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ते सिद्ध करण्यात त्यांचे कित्येक महिने गेले. आणि हो, गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करायला अर्ज द्या.

चार, रेसिंगची हौस असेल तर ती ट्रॅकवर, वेगळ्या गाडीने भागवा. चेन्नई आणि कोइमतूरला ट्रॅक आहेत. पण साध्या पॉलिसीत संघटित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग कव्हर नसतं, तेव्हा बाबांची गाडी तिथेही नको.

पाच, क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर कंपनीकडे तक्रार करा आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. २०२३ पासून ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत जायला हवं.

थोडक्यात काय, तर फॅक्टर ऑफ सेफ्टी आपण मशीन डिझाईनच्या पेपरात इमानदारीने धरतो. तो गाडीतून काढून घेतलात तर निदान विम्यातून तरी काढू नका. आज घरी गेल्यावर बाबांकडून पॉलिसी मागून घ्या आणि मागच्या पानावरची बारीक अक्षरं एकदा वाचा. व्हायवाला विचारणार नाहीत, पण आयुष्यात कधीतरी नक्की विचारतील!